पाणी गेलं की कुरकुरतं

सांगलीत संध्याकाळी चहा टाकला की सोबत काहीतरी कुरकुरीत लागतंच, आणि हे फक्त आमच्या घराचं नाही, अख्ख्या गावाचं आहे. भडंग तर आहेच, त्याशिवाय शेव, पापडी, फरसाण, मक्याचा चिवडा, शनिवार-रविवारी भजी. पाहुणे आले की पोहे होईपर्यंत आधी डबे उघडायचे, कुणी मुंबई-पुण्याला निघालं की पिशवीत भडंगाची पुडी टाकायची. मला हे सगळं मनापासून आवडतं, त्यामुळे पुढे जे लिहितीये ते तळणाच्या विरोधात नाही एवढं आधीच सांगते.

झालं असं की सासऱ्यांचं, म्हणजे आमच्या आण्णांचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी मीठ आणि तळलेलं दोन्ही कमी करायला सांगितलं. आता सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर चहासोबत मूठभर फरसाण खाल्लंय, त्याला "आजपासून मारी बिस्किट" असं सांगणं मला तरी जमेना. शिक्षा दिल्यासारखं वाटतं ते. आणि खरं सांगू का, हेल्दी म्हणून जे मिळमिळीत, चामट काहीतरी ताटलीत येतं ना त्यानं कुणाचंच भलं होत नाही, माणूस दोन घास खातो आणि मग गुपचूप डब्याकडे वळतो. म्हणून ठरवलं की भाज्यांचंच काहीतरी करायचं, पण कुरकुरीत म्हणजे खरंच कुरकुरीत, दाताखाली आवाज आला पाहिजे असं.

मग मी आधी तळणात नेमकं काय होतं ते समजून घेतलं, कारण ते कळल्याशिवाय तेल कमी करायला गेलं की हाती लागतो तो फक्त मऊ लगदा. तेल साधारण 170 ते 180 डिग्रीला असतं, पाणी उकळतं 100 ला. बटाट्याची चकती तेलात पडली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं, ते जे बुडबुडे येतात ना ते तेलाचे नसतात, पाण्याचे असतात. बुडबुडे मंदावले की समजायचं पाणी संपत आलं, आणि पाणी संपलं की मागे राहिलेला स्टार्चचा सांगाडा कडक होतो, तोच आपला कुरकुरीतपणा. म्हणजे तेलाचं मुख्य काम पाणी झटपट घालवणं एवढंच, वर थोडी चव आणि खमंगपणा. पाणी दुसऱ्या कुठल्या वाटेनं घालवता आलं तर कढईभर तेल लागत नाही, माझं सगळं स्वयंपाकघर सध्या ह्या एका गोष्टीवर चाललंय म्हणा ना.

आणखी एक गंमत कळली ती अशी, की तळताना पदार्थ तेल फारसं पीत नाही, कारण आतून वाफ बाहेर ढकलत असते. तेल आत शिरतं ते बहुतेक बाहेर काढल्यावर, पदार्थ गार व्हायला लागला की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून तळलेलं काहीही झाऱ्यानं काढून तसंच ढिगानं परातीत टाकायचं नाही, गरम असतानाच चाळणीत झटकायचं, सुटं पसरायचं, कागदानं टिपायचं. जी भजी आम्ही अजूनही तळतो त्यांना सुद्धा मी हेच करते आणि कागदावर किती तेल उतरतं ते बघून आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतःहून मोठी चाळणी काढून ठेवली ओट्यावर.

आता भाजीकडे वळू. बटाट्यात पाणी असतं साधारण 80 टक्के, आणि तरीही तळलेल्या चिप्समध्ये वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश तेल निघतं. बीट, गाजर ह्यांच्यात पाणी 87-88 टक्के, दुधी-काकडीत तर 95 च्या आसपास. जितकं पाणी जास्त तितकी ते गेल्यावर जागा मोकळी, आणि स्टार्च कमी म्हणजे सांगाडा कमकुवत. म्हणजे पातळ कापलेली भाजी कढईत सोडली तर ती बटाट्याइतकंच, कधी कधी जास्तच तेल धरते. त्यामुळे "अगं बीटाचे चिप्स आहेत, हेल्दीच आहेत" असं जे म्हणतात ते तळलेल्या बीटाला लागू होत नाही, रंग लाल आहे म्हणून तेल कुठं जात नाही. तीच गोष्ट पाकिटांची. वर पालक-टोमॅटो-गाजराचे चित्र आणि मागे घटकांची यादी वाचली तर पहिलं नाव बटाट्याचं पीठ नाहीतर मक्याचं पीठ, दुसरं पामतेल, आणि पालकाची पावडर कुठंतरी शेवटी चिमूटभर. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानंच छापावी लागते, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी पुरे. सोडियमचा आकडा दिसला की त्याला अडीचनं गुणायचं, तेवढं मीठ. 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत म्हणते. एक पाकीट, दुपारचं लोणचं, रात्रीची आमटी, झालंच की.

पण मला जास्त अप्रूप वाटतं ते हे की पाणी घालवण्याची विद्या आपल्या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरजच नाही! हळद बघा, शिजवायची, उन्हात वाळवायची, ड्रममध्ये पॉलिश करायची, आणि 2018 साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तासगाव-कवठेमहांकाळकडं बेदाण्याची शेड बघा. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, पाणी बाहेर पडू देत नाही, म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, तो थर सैल होतो आणि मग जाळ्यांवर सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. तीन किलो पाणी वाऱ्यानं नेलं, गॅस नाही, तेलाची कढई नाही. तासगाव रोडनं जाताना त्या शेड दिसल्या की मला हल्ली चिप्सच आठवतात.

आणि घरात आई आहेतच. त्यांच्या उन्हाळ्यात सांडगे, सांडगी मिरची, ताकात भिजवून वाळवलेली गवार, कारल्याच्या काचऱ्या हे सगळं ठरलेलं. ह्यातला कोहळा, गवार, कारलं, सगळ्या भाज्याच की, आपल्याकडं भाज्यांचे कुरकुरीत पदार्थ पिढ्यानपिढ्या होतेच, फक्त आपण त्यांना तोंडीलावणं म्हणून एका कोपऱ्यात ठेवलं. ह्या जुन्या पद्धतीत दोन गोष्टी मी बदलल्या, एक तर टिकावं म्हणून घालायचं ते भरमसाठ मीठ आणि दुसरं शेवटी खोल तेलात तळणं. कारल्याच्या काचऱ्यांचं सांगते. कारली बिया काढून दोन मिलिमीटरच्या आसपास कापायची, थोडं मीठ आणि हळद चोळून अर्धा तास ठेवायची, मग घट्ट पिळायची आणि एकदा साध्या पाण्यातून काढून पुन्हा पिळायची. मीठ पाणी ओढून घेतं, सोबत थोडा कडूपणाही जातो, आणि धुतल्यामुळं मिठाचा बराच भाग निघून जातो. मग गच्चीवर सुती पंचावर एप्रिलच्या उन्हात, आपल्याकडचं ऊन इतकं कडक आणि कोरडं की लवकरच खडखडीत होतात. जपून ठेवायच्या असतील तर अगदी खडखडीतच पाहिजेत, कारण मीठ कमी असल्यानं ओल राहिली तर बुरशी धरते. खायच्या वेळी चमचाभर तेल चोळून मंद तव्यावर परतायच्या, तीन-चार मिनिटांत फुलून कुरकुरीत. पहिल्यांदा आण्णांपुढे ठेवल्या तर त्यांनी एक उचलली, चावली, परत एक उचलली आणि म्हणाले, "कारलं हाय व्हय हे? आगं मग भाजी कशाला करतीस त्याची!"

सगळ्यात जास्त आमच्याकडं होते ती भेंडी. ह्यात खरं कौशल्य मंडईतच सुरू होतं, भेंडीचं टोक टचकन मोडलं पाहिजे, वाकलं तर ती जून, तिचे दोर दातात अडकतात. भाजीवाल्या मावशी टोकं मोडू देत नाहीत ते वेगळं, पण नेहमीच्या असतील तर स्वतःच कवळी काढून देतात. घरी आणून धुतली की पूर्ण कोरडी करायची, म्हणजे पंचानं पुसून वर पंख्याखाली पसरून, कारण भेंडीचा चिकटपणा पाणी लागलं की सुटतो आणि मग कितीही भाजा, ती कुरकुरत नाही. उभी चार फाका करायची, बिया बऱ्याचशा झटकून टाकायच्या. पाव किलो भेंडीला दोन चमचे बेसन, एक चमचा तांदळाचं पीठ, हळद, जिरेपूड, थोडी आमचूर पावडर आणि एक मोठा चमचा तेल, पाण्याचा थेंब नाही. तेल आधी चोळायचं, पीठ नंतर भुरभुरायचं, असं केलं की पीठ भेंडीला धरून राहतं. तांदळाचं पीठ सोडायचं नाही, नुसत्या बेसनाचा थर लवकर नरम पडतो, तांदळानं तो कडक राहतो. मग ट्रेवर एकमेकांना न चिकटता पसरून ओव्हनमध्ये 180 डिग्रीला वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा हलवून. एअर फ्रायर असेल तर बारा-पंधरा मिनिटांत होतं. ते एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 च्या आसपास कॅलरी, चौघांत वाटले तर प्रत्येकी तीस, आणि पाव किलो भेंडी पोटात गेली हे वेगळंच. आमचं पोरगं भेंडीच्या भाजीला हात लावत नाही, पण ही भेंडी ट्रेवरनंच संपवतंय, ताटलीत यायची वाट बघत नाही.

एअर फ्रायरबद्दल सगळे विचारतात, घ्यावा का म्हणून. 2010 मध्ये फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला तो, आणि आतून तो म्हणजे जोरात पंखा असलेला छोटा ओव्हन, दुसरं काही नाही. जोराचा वारा भाजीभोवतीची ओलसर हवा उडवून लावतो म्हणून पाणी लवकर जातं, बेदाण्याच्या शेडमध्ये वारा जे काम करतो तेच. चौघांच्या घराला त्याचं भांडं लहान पडतं, ठासून भरलं की भाजी वाफेत शिजते आणि मऊ होते. घरात ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन, असेल तर तो पुरेसा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ओटीजी नसेल तर जाड बुडाचा तवा आणि सबुरी.

बीट आणि गाजराला मात्र 180 डिग्री चालत नाही. त्यांच्यात साखर जास्त, कडा करपतात आणि मधे ओलं राहतं. 140-150 वर ठेवून सावकाश, स्लायसरनं अगदी पातळ, बाहेर काढताना ते जरा लवचिकच असतात, घाबरायचं नाही, गार होताना कडक होतात. करपवायचं नाही ह्याला चवीशिवाय दुसरं कारणही आहे. 2002 साली आधी स्वीडनच्या आणि मग इतर देशांतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की स्टार्चचे पदार्थ 120 डिग्रीच्या वर तापले की त्यातली साखर आणि अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल मिळून अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, जे जितकं कमी पोटात जाईल तितकं बरं. ते तळण्यात होतं तसं भाजण्यातही होतं, आणि बटाट्यात होतं तसं बीट-रताळ्यातही होतं. म्हणून सोनेरी झालं की काढायचं, तपकिरी होईपर्यंत थांबायचं नाही. बटाटा-रताळं कापून पाण्यात अर्धा तास ठेवून मग कोरडं करून भाजलं तर पृष्ठभागावरची साखर धुवून जाते, आणि भाजायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, थंडीनं त्यातल्या स्टार्चची साखर होते.

वांग्याबद्दल जरा जास्त बोलणार, कृष्णाकाठची वांगी आमच्या दारात असताना न बोलून कसं चालेल. वांग्याचा गर आतून हवेनं भरलेला असतो, त्यामुळं तेल पिण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, काप करताना तव्यावर तेल घालतच राहावं लागतं. उपाय सोपा आहे, काप आधी मिठाच्या पाण्यात ठेवून दाबून कोरडे करायचे किंवा दोन-तीन मिनिटं वाफवायचे, आतली हवेची घरं बसतात आणि मग ब्रशनं लावलेलं तेल पुरतं. वरून रवा आणि तांदळाचं पीठ, थोडा कांदा-लसूण मसाला, कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी. बाहेर रव्याचा कुरकुरीत थर आणि आत लोण्यासारखा गर, हे मला माशाच्या कापांपेक्षा आवडतं आणि घरात ह्यावर वाद आहे. कोथिंबीर वडी, कोबीची वडी, अळूवडी ह्यांना तर वेगळं काही करावंच लागत नाही, वाफवलेली वडी कापून तव्यावर दोन चमचे तेलात खरपूस केली की काम झालं, कोबीच्या वडीत कोबी पिठाच्या दुप्पट घ्यायचा एवढंच बघते.

काही गोष्टी करूच नयेत असंही माझं मत झालंय. दुधी, काकडी, टोमॅटो ह्यांचे चिप्स करायच्या भानगडीत पडू नये, पाण्याशिवाय त्यांच्यात काही उरत नाही, दुधीचं थालीपीठ उत्तम होतं ते करावं. आणि दिवाळीची चकली बेक करू नये. चकली वर्षातनं एकदा होते, ती खमंग भाजणीची, नीट तळलेली, काटेरी असावी आणि चार खाऊन थांबावं. रोजच्या डब्यातलं बदला, सणाचं राहू द्या.

मिठाचं एक सांगायचं राहिलं, आणि आण्णांसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. मीठ पिठात मिसळलं की ते आतच राहतं, जिभेला लागत नाही, मग आपण आणखी घालतो. म्हणून आत अजिबात घालायचं नाही. मीठ मिक्सरला फिरवून पिठासारखं बारीक करायचं आणि पदार्थ गरम असताना वरून चिमटीनं भुरभुरायचं, बारीक दाणा जिभेवर लगेच विरघळतो म्हणून थोडंसंच पुरतं. सोबत आमचूर, भाजलेलं जिरं, मिरपूड, लिंबू. सुरुवातीला आण्णा विचारायचे, "पोरी, मीठ राहिलं काय गं ह्यात?" आता विचारत नाहीत, उलट लग्नाच्या जेवणात आमटी खारट लागते म्हणतात. जिभेला सवय लागते, फक्त तिला थोडा वेळ द्यायला लागतो.

आवाजाचं सुद्धा खरं आहे बरं का. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एक अभ्यास छापला, लोकांना हेडफोन लावून प्रिंगल्स खायला दिल्या आणि चावण्याचा आवाज मोठा करून ऐकवला तर त्याच चिप्स लोकांना जास्त ताज्या, जास्त कुरकुरीत वाटल्या. म्हणजे आपण कानानंही खातो. आण्णांना कवळी आहे, ऐकूही जरा कमी येतं, आणि त्यांना अर्धवट कुरकुरीत काही चालतच नाही ह्याचं कारण मला तो अभ्यास वाचून उमगलं, त्यांना तो आवाज आतून, जबड्यातून पोचला पाहिजे. तेव्हापासून त्यांच्या वाटणीचं मी दोन मिनिटं जास्त ठेवते.

पावसाळा मात्र अवघड. कृष्णेला पाणी चढायला लागलं की गावातली हवा इतकी दमट होते की ट्रेवरची भेंडी ताटलीत येईपर्यंत मऊ पडायला लागते, आणि पिठाचा थर असलेलं काहीही डब्यात टिकत नाही, ते गरमागरमच संपवायचं. त्या दिवसांत मी भडंगाकडे वळते, कारण चुरमुरा मुळात गरम वाळूत फुललेला, त्यात तेल नसतंच, जे असतं ते फोडणीचं. चुरमुरे कढईत मंद आचेवर कोरडेच गरम करून घ्यायचे. दुसरीकडं दोन चमचे तेलात ठेचलेला लसूण, शेंगदाणे, भरपूर कढीपत्ता, कढीपत्ता चुरचुरीत झाला पाहिजे, मग गॅस बंद करून हळद-तिखट आणि चुरमुरे. त्यात उन्हाळ्यातल्या काचऱ्या परतून, चुरून घालायच्या, ओव्हनमध्ये 130 ला वाळवलेली पालकाची पानं असतील तर तीही. पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट डब्यात, नाहीतर स्वतःच्याच वाफेनं नरम पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ वाटलं तर परत कढईत दोन मिनिटं. खाताना वर बारीक कांदा, किसलेलं गाजर, कोथिंबीर. भडंगात पिठीसाखर पाहिजे असं आण्णांचं म्हणणं आहे, मी घालत नाही, ते उठून डब्यातली चमचाभर स्वतःच्या वाटीत घालून घेतात, आणि तेवढं मी घालू देते.